यादी देव करत नाही

तुम्ही पत्रात विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४४. हिंजवडीतल्या एकाच कंपनीत बारा वर्षं काढली. मागच्या महिन्यात वीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगण्यात आलं, "राजीनामा तुम्हीच टाका, दोन महिन्यांचा पगार देऊ." घराचा हप्ता चालू आहे, मुलगा दहावीत आहे. रोजची रामरक्षा आणि गुरुवारचा उपास यांत कधी खंड पडलेला नाही. 'प्रत्येक बढतीला वाटायचं की देवाने बोट धरलंय. मग आता का सोडलं? माझं काय चुकलं?' ओळखीच्या ज्योतिषाने साडेसाती सांगून नीलम आणि शांत सुचवली आहे. त्या कॉलच्या दुसऱ्याच दिवशी एका मित्राने क्लाउड किचनमध्ये, म्हणजे फक्त घरपोच जेवण पाठवणाऱ्या स्वयंपाकघरात, भागीदारी देऊ केली, तर तो देवाचा संकेत समजून 'देवावर हवाला ठेवून' त्यात पैसे घालावेत का, हाही प्रश्न आहे. आणि मुलाला अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडता आणि संध्याकाळी परत येता.

उत्तर कोण देतंय तेही सांगतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मी एकतीस वर्षं पर्सोनेल खात्यात होतो. पुढे त्याला एचआर म्हणायला लागले, काम तेच राहिलं. गळ्यात माळ आहे. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी दोन तास नोकरी गेलेल्या माणसांशी बोलत बसतो. उपदेश कमी करतो, कागद जास्त वाचतो.

सुरुवात तुमच्या 'देवाने बोट का सोडलं' पासून करतो. कमी करायच्या माणसांच्या याद्या मी स्वतः केलेल्या आहेत. त्या एक्सेलमध्ये होतात. एका रकान्यात नाव, मग ग्रेड, वर्षाचा एकूण खर्च, मागच्या दोन वर्षांचं रेटिंग, प्रोजेक्ट संपायची तारीख. वरून आकडा आलेला असतो, इतके कोटी वाचवा. मग खर्चाच्या रकान्यावर सॉर्ट मारायचा आणि वरून खाली यायचं. पंधरा जास्त पगाराची माणसं कमी केली की तीस कमी पगाराची वाचतात, असा हिशेब असतो. बारा वर्षं टिकलेला माणूस या पत्रकात आपोआप वर येतो, कारण दरवर्षी त्याचा पगार वाढलेला असतो. म्हणजे ज्या बढत्यांना तुम्ही देवाचं बोट म्हणत होता, त्यांनीच तुमचं नाव वर नेलं. तुमचं चुकलं असतं तर कदाचित पगार कमी राहिला असता आणि नोकरी टिकली असती.

यादी माणसं करतात हे मला एका फिटरने शिकवलं. २००१ सालची गोष्ट. भोसरीतल्या एका कारखान्यात कपात चालली होती आणि कागद हातात द्यायचं काम माझ्याकडे होतं. फिटर पन्नाशीचा, माळकरी, दरवर्षी वारीची रजा महिनाभर आधी लिहून देणारा. त्याच्या पुढ्यात कागद ठेवला आणि काय बोलावं सुचेना म्हणून मी म्हणालो, "माउलीच्या मनात काही वेगळं असेल." त्याने कागद वाचून घडी घातली आणि विचारलं, "साहेब, या यादीत माझं नाव कोणी घातलं?" मी म्हणालो, "मॅनेजमेंटने." "तुम्ही घातलंत ना?" "हो, टाईप मीच केलं." "मग माउलीला कशाला मधी घेता?" एवढं बोलून त्याने सही केली.

मला राग आला होता, तो रात्री उतरला. आपल्या हातून झालेलं देवाच्या खात्यावर टाकणं ही माझी सोय होती, त्याचं सांत्वन नव्हतं. तेव्हापासून कुणाच्याही नोकरीच्या बाबतीत मी 'देवाची इच्छा' हे शब्द वापरलेले नाहीत. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. बढती मिळाली तीही कुणीतरी कोष्टकात बसवलेली असते. रेटिंगच्या बैठकीत शेवटची बढतीची जागा दोघांपैकी कुणाला द्यायची हे कधीकधी दुपारच्या जेवणाआधी उरकायचं म्हणून ठरतं. मी त्या बैठकांत बसलो आहे. तेव्हा चढताना देवाची कृपा म्हणायचं आणि उतरताना त्याची पाठ, हा हिशेब मुळातच कच्चा आहे. त्यात देव आपल्या कंपनीचा मॅनेजर होऊन बसतो.

साडेसातीबद्दल फार लिहीत नाही. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो आणि साडेसाती एका वेळी तीन राशींना असते. बारातल्या तीन, म्हणजे कोणत्याही दिवशी चारांतल्या एका माणसाला ती असणारच. माझ्या याद्यांत बाराही राशींची माणसं होती. शांत करून मनाला बरं वाटणार असेल तर घरच्या घरी स्तोत्र म्हणा. नीलमाचे पैसे मात्र पुढच्या हप्त्याला ठेवा.

आता मार्गदर्शनाचा मुद्दा. मी सावंतवाडीकडचा, त्यामुळे देवाला विचारणं म्हटलं की मला कौल आठवतो. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. ग्रामदेवतेच्या मूर्तीवर ठरलेल्या जागी गुरव भिजवलेले तांदूळ किंवा कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तपशील गावागावात बदलतो, गोव्यातही कौलप्रसादाची पद्धत आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख आजही पंचांगात छापलेली नसते, ती कौल घेऊन ठरते. (तारीख जाहीर झाली की आमच्या खात्यात मालवणकडच्या पोरांचे रजेचे अर्ज एकाच दिवशी येत. आम्ही त्याला भराडीचा मेमो म्हणायचो.)

माझे वडील मुंबईत लालबागला राहायचे, कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्यावर वडिलांचा विश्वास होता आणि गावच्या रवळनाथावरही. पहिले दोन-तीन महिने चाळीतल्या भजनाला नेहमीपेक्षा जास्त गर्दी व्हायची. मग खानावळीची उधारी थांबली, माणसं एकेक करून गावी जायला लागली. पावसाआधी आम्हीही गेलो. मी तेरा वर्षांचा होतो.

गावी पोचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी वडील कौल लावायला गेले. मी बरोबर होतो. गुरव म्हातारा होता, त्याने तांदूळ भिजवता भिजवता विचारलं, "काय इचारूचां आसा?" वडील म्हणाले, "संप मिटतलो काय?" गुरवाने हात थांबवला. "ह्यां देवाक इचारू नको. तां मुंबयच्या लोकांच्या हातात आसा. दुसरां सांग." वडिलांनी जरा विचार करून सांगितलं, "माका परत कामार घेतले काय?" गुरव म्हणाला, "तांय तांच. तुका काय करूचां आसा, तां इचार."

हे मी तेव्हा ऐकलं, समजायला पुढची वीस वर्षं गेली. त्या म्हाताऱ्याला अर्थशास्त्र माहीत नव्हतं, पण देवाला काय विचारायचं आणि काय नाही याची शिस्त पक्की माहीत होती. मालक काय करतील, सरकार काय करेल, बाजार कुठे जाईल, हे प्रश्न तो गाभाऱ्यात येऊच द्यायचा नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वतःच्या हातापायांचा असला पाहिजे, आणि हो-नाही मध्ये उत्तर देता येईल इतका नेमका असला पाहिजे. वडील पायरीवर बराच वेळ बसून राहिले. शेवटी त्यांनी प्रश्न केला की मुंबईला न जाता गावातच राहून वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीत कलमं लावावीत का.

कौल उजवा पडला. पुढचं ऐका म्हणजे कौल उजवा पडणं काय असतं ते कळेल. त्या पावसाळ्यात तीस हापूसची कलमं लावली. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी घागरीने वाहिलं, आईने आणि मीही. सात कलमं मेली. हापूसचं कलम हाताला लागेल इतकं फळ द्यायला पाच-सहा वर्षं घेतं, आणि तेवढी वर्षं घर कलमांवर चालत नाही. वडील लोकांचे पंप दुरुस्त करायचे, आई काजू बी सोलायला जायची, मुंबईहून काका मनीऑर्डर पाठवायचे. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, गिरण्या एकेक करून आपल्या आपण विरत गेल्या. मुंबईत राहिलेले वडिलांचे दोन मित्र वॉचमन झाले, एकाने वडापावची गाडी टाकून पुढे बरं केलं. कौल बरोबर होता का, हे मी वडिलांना म्हातारपणी विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "देवाक सगळां कळतां, पण मस्टरार सही आपणाकच करूची लागतां." देवाला त्यांनी कधी शाबासकी दिली नाही की बोल लावला नाही.

भोसरीच्या त्या फिटरनंतर मी स्वतः गावी गेलो होतो, मे महिन्यात. झोप उडाली होती. वडिलांना म्हणालो, मलाही कौल लावायचाय. त्यांनी विचारलं, "काय इचारतलंस?" म्हणालो, ही नोकरी सोडू का. "सोडून पोरां काय खातली?" मग दुसरा प्रश्न काढला, अशा याद्या करणं पाप आहे का. वडील म्हणाले, "तां तुका म्हायत आसा. म्हायत आसलेलां देवाक इचारूचां नाय." मी देवळात नमस्कार करून, नारळ ठेवून, कौल न लावता परत आलो. सोमवारी साहेबांसमोर तीन गोष्टी ठेवल्या. नावं नोटीस बोर्डावर लागणार नाहीत, प्रत्येकाला मी समोर बसवून सांगेन. हिशेबाचा चेक त्याच दिवशी हातात पडेल. आणि ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत त्यांना वगळायचं. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी नाही झाली. मी नोकरीत राहिलो. हे धैर्याचं उदाहरण म्हणून सांगत नाही. माझ्या हातात त्या खुर्चीवर जेवढं होतं तेवढंच मला सुचवलं गेलं, आणि माझ्या आयुष्यात मार्गदर्शन या शब्दाला जागणारी जी चार-पाच प्रकरणं आहेत, ती सगळी याच मापाची आहेत.

म्हणून तुमचा प्रश्न मी त्या गुरवाकडे घेऊन गेलो असतो तर त्याने तो परत केला असता. 'देवाने बोट का सोडलं' यात तुम्ही काय करणार ते कुठेच नाही. रामरक्षा चालू ठेवा. वाढवू मात्र नका. रविवारी येणाऱ्यांत मी हे पाहतो, नोकरी गेली की एकाचे अकरा पाठ होतात, मग पारायण, मग नवस. नवसात अटी आल्या, मुदत आली, आणि मुदत टळली की देवाशी भांडण. रोजचं जे आहे ते रोजच्या वेळेला, रोजच्याइतकंच म्हटलं की साधारण दोन-तीन आठवड्यांत प्रश्नाचा तोंडवळा बदललेला मी अनेकांचा पाहिलाय. आधी 'मीच का', मग 'कुणी केलं', आणि मग एक दिवस माणूस येऊन विचारतो, 'जुन्या बॉसला फोन करू का, की आधी मेल टाकू?' इथे मला हायसं वाटतं. कुणी याला देव म्हणेल, कुणी वेळ. मी देव म्हणतो. कधी काहीच होत नाही, पाठ कोरडा जातो, महिनोन् महिने. तेव्हा कोरडाच म्हणायचा. संपाच्या काळात चाळीतल्या भजनात शेवटी पाच जण उरले होते, त्यांनी टाळ खाली ठेवले नव्हते.

मित्राची भागीदारी. दुसऱ्याच दिवशी आली म्हणून ती संकेत, हे मला पटत नाही. तुमची नोकरी गेली हे मित्राला कळलं, तुमच्या हातात एकरकमी पैसे येणार हेही कळलं, आणि त्याने फोन केला. यात त्याची लबाडी आहे असं नाही, पण चमत्कारही नाही. दोन गोष्टी विचारा. त्याला तुमचं काम हवंय की तुमची ग्रॅच्युइटी? पहिले सहा महिने पैसे न घालता, पगार न घेता चार तास रोज स्वयंपाकघरात उभा राहतो, मग भागीदारीचं बोलू, असं म्हणून बघा. हो म्हणाला तर पुढचं बोलणं होऊ शकतं. आणि त्याच्याकडचे मागच्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे मागा. डिलिव्हरी अ‍ॅपचं कमिशन, सवलती, वाया गेलेलं अन्न वजा करून हातात काय उरलं ते त्यातच दिसतं.

इथे तुकोबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नोकरी-धंदा बुडालेल्या भाविकाचं त्यांच्याइतकं जवळचं उदाहरण मराठीत दुसरं नाही. देहूचं चांगलं चालतं महाजनकीचं घर. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्या माणसाची भक्ती कमी पडली म्हणून हे झालं असं म्हणायची आज कुणाची छाती आहे? आणि पुढे लोकांची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. कीर्तनात तिच्या आधीचा भाग मात्र पटकन उरकतात. परंपरा सांगते की आधी खतांचे दोन वाटे झाले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याच्या हातात दिला, आणि फक्त स्वतःचा पाण्यात सोडला. कागद वाचणारा माणूस म्हणून मला हा तपशील फार मोठा वाटतो. विरक्ती पूर्ण होती, पण दुसऱ्याच्या वाट्यावर नव्हती. तुम्ही 'देवावर हवाला ठेवून' ज्या पैशांची उडी घ्यायचं म्हणताय, त्यात तुमच्या पत्नीचा वाटा किती, मुलाच्या अकरावी-बारावीचा किती, हे आधी वेगळं काढा. उरलेल्याचं काय ते तुम्ही आणि तुमचा देव बघा.

आता कागदांचं, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. राजीनामा टाकलाय की नुसता मागितलाय ते स्पष्ट नाही. टाकला नसेल तर 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द लिहू नका. कंपनीच्या सांगण्यावरून, अमुक तारखेच्या कॉलनंतर, असं लिहा आणि कॉलमध्ये जे ठरलं ते मेलवर मागून घ्या. टाकून झाला असेल तरी तो मेल आज पाठवता येतो. बारा वर्षं झाली आहेत, तेव्हा ग्रॅच्युइटी हा तुमचा हक्क आहे, दोन महिन्यांच्या पगारात ती धरलेली नाही ना ते बघा. हिशेब सोपा आहे, महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि ती तीस दिवसांत मिळायला हवी. शिल्लक रजेचे पैसे, अनुभवाचं पत्र, कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो, हे विचारून घ्या. विमा संपायच्या आत घरचा एक घेऊन ठेवा, चव्वेचाळिसाव्या वर्षी हे टाळू नका. तुमच्या हुद्द्याचा माणूस कायद्याने कामगार ठरतो की नाही यावर वाद होऊ शकतो, त्यासाठी कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा तासभर भेटा. आणि बँकेला हप्ता चुकायच्या आधी भेटा. चुकल्यावर भेटलेल्या माणसाशी बँक वेगळ्या आवाजात बोलते.

राहिला मुलगा. दहावीचं वर्ष आहे, त्याच्यावर परिणाम होईल, म्हणून तुम्ही सांगत नाही. बॅग घेऊन रोज कुठे जाता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण चिंचवडच्या वाचनालयात आणि मोरया गोसावींच्या देवळाच्या घाटावर सकाळी अकरा वाजता लॅपटॉपची बॅग घेऊन बसलेली माणसं मी ओळखतो. दोघांशी त्यातूनच ओळख झाली. दोघांच्याही मुलांना आधीच माहीत होतं. एकाच्या मुलीने बाबांचा फोन दिवसभर वाजत नाही यावरून ओळखलं होतं, आणि ती बाबांना वाईट वाटू नये म्हणून गप्प होती.

आम्हाला वडिलांनी लालबागच्या खोलीत सांगितलं होतं, दिवाबत्ती झाल्यावर. गिरणी बंद आहे, कधी सुरू होईल माहीत नाही, शाळा आता गावची. मी विचारलं, तिथे इंग्रजी कोण शिकवतं? ते म्हणाले, मला माहीत नाही, आपण जाऊन बघू. मग ट्रंक खाली काढायला त्यांनी मला स्टुलावर चढवलं, कारण आईचा हात पोचत नव्हता आणि त्यांची कंबर दुखत होती.

आज संध्याकाळची रामरक्षा झाली की त्याला जवळ बसवा. बॅग उद्यापासून घरीच राहू दे.